टोपी

अर्जावर पाचच रकाने होते :
कुत्रीचं नाव, बाप, आई, जन्मतारीख, मालक.
टॅन्सी, लिहिलं मी. बाप ठाऊक, आईही ठाऊक.
मालकापाशी पेन अडखळलं.
ती जिथवर जाते
तिथवर माझी जमीनसुद्धा जात नाही.

तीन वर्षं तिला 'ये' शिकवत होतो.
शिट्टीनं, लांब दोरीनं,
एकदा तर बर्फात गुडघे टेकून, रडकुंडीला येऊन.
फ्राइसेन कुंपणापलीकडून म्हणाला,
ओरेस्ट, ही कुत्री नव्हे,
तुझ्या कुंपणाची चेष्टा आहे.
स्पर्धेत घाल. तिथे असलीच लागतात.

चौथं वर्ष मग मी शिकण्यात घालवलं :
तोंड मिटून घोड्यावर बसणं.

सप्टेंबर. ओट कापून झालेला.
सस्कॅचेवानच्या पठारावर धसकटं, अधूनमधून पॉप्लरची बेटं,
आणि आभाळ, गरजेपेक्षा जास्त.
कॉफीच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या.
आमची जोडी शेवटची.
भर दुपार, वारा पाठीवर, म्हणजे वास उलटा.
जोडीला जॉर्जियाहून आलेला कुत्रा,
त्याची गाडी माझ्या धान्याच्या कोठारापेक्षा नवी.

सोडा, म्हणाले पंच.

पांढरा ठिपका.
मग ठिपक्याची शंका.
मग नुसतं गवत.

मी हाक देत राहिलो, लांबवलेली, बिनशब्दांची.
ती थांबावी म्हणून नव्हे;
मी इकडून पुढे चाललोय,
एवढंच तिला कळावं म्हणून.
जॉर्जियाचा कुत्रा दोनदा पक्ष्यांवर उभा राहिला,
छान, शिस्तीत, पंचांच्या डोळ्यांदेखत.
पंचांनी दोनदा वहीत लिहिलं.
माझ्याकडे बघून एकदा घड्याळ.

डारिया डावीकडे गेली होती शोधायला.
पंधरा वर्षांची, बिस्किट नावाच्या घोडीवर,
डोक्यावर माझी नारिंगी टोपी, कानांपर्यंत आलेली.
काम एवढंच :
कुत्री पक्ष्यांवर खिळलेली दिसली
की टोपी उंच धरायची आणि ओरडायचं, पॉइंट!

चाळीस मिनिटं. पन्नास.
टेकाडावर काहीच नारिंगी नाही.
वेळ संपली, पंच म्हणाले,
हळू, घरात कुणी झोपलं असावं तसं.

तळ्याकाठच्या उतारावर सापडल्या दोघी.
टॅन्सी उभी.
शेपूट सरळ, एक पाय अधांतरी, जबड्याला लाळेची तार.
तिच्या नाकापुढे दहा हातांवर बुटक्या गुलाबाचं झुडूप,
आणि झुडपात कुणीतरी श्वास धरून.
वीस पावलांवर डारिया. टोपी मांडीवर.

केव्हापासून? मी विचारलं.
बराच वेळ.
मग हाक का नाही मारलीस?
तिनं खांदे उडवले.
आधी वाटलं, ओरडले तर उडतील.
मग वाटलं, आत्ता ओरडते.
मग...
घोडीसुद्धा हलली नाही, बाबा.

रागाला तोंड फुटेना माझं.
प्रवेश फी, पेट्रोल, चार वर्षं,
सगळं एका पोरीच्या मांडीवर, टोपीखाली.

खाली उतरलो. आता ते कुणाच्या हिशेबात नव्हतं,
तरी रीतसर झुडपात पाय घातला.
तित्तिरं फुटली, अकरा की बारा,
मी आभाळात खोटा बार काढला,
आणि ती जागची हलली नाही,
नुसती त्यांच्यामागे नजर नेली,
आगगाडी जाताना पोरं बघतात तशी.

मग माझ्याकडे आली. न बोलावता.

परतताना डारिया तिच्या कानातले गोखरू काढत होती,
एकेक काढून खिशात.
फेक की बाहेर, मी म्हटलं.
नाही फेकले.

रविवारी दुसऱ्या स्पर्धेचा अर्ज आणला.
तेच पाच रकाने.
मालकाच्या जागी अजून काही लिहिलं नाही.
पेन डारियाकडे आहे.